बिजागरी

गेलो होतो बॉयलर दुरुस्त करायला.
चॅपलच्या मागच्या खोलीत
सहा माणसं, कोट न काढता बसलेली,
मधे एक कागद,
हात चहाच्या कपांभोवती.

किती वेळ लागेल? एलिनेड बाईंनी विचारलं.
म्हटलं, पार्ट मागवावा लागेल, मँचेस्टरहून.
मग बसा, म्हणाल्या.
एवढ्या थंडीत सहापेक्षा सात बरे.

शाळेत कवितेच्या तासाला मी खिडकीशी असायचो.
कवीला काय म्हणायचंय? सर विचारायचे.
मला वाटायचं, म्हणायचं होतं
तर सरळ म्हणाला का नाही मेला.
दहापैकी दोन गुण. त्यातला एक अक्षराचा.

बाई चाळीस वर्षं गुरांच्या डॉक्टर.
कवितेत हात घालतात तो तसाच,
बाही खांद्यापर्यंत सारून.
"ओढू नका," म्हणतात, "आधी चाचपा.
आत जुळी असतील, तर पाय कुणाचा, डोकं कुणाचं
हे बोटांना कळू दे.
घाईनं ओढलेलं मेलेलं निघतं."

कविता सात ओळींची.
लिहिणारा खाणीतला कुणी, नाव पुसलेलं.
डोंगरावरचं फाटक, संध्याकाळ,
कडी लागत नाही.
एवढंच.

पहिला मंगळवार नुसता वाचण्यात गेला.
एकेकानं, मग सगळ्यांनी,
मग ओठ मिटून, फक्त बोटांनी, टेबलावर.
दुसऱ्या मंगळवारी व्यंजनं मोजली.
आमच्या वेल्शमध्ये, जुन्या बांधणीत,
ओळीचा पहिला अर्धा जी व्यंजनं टाकतो
तीच, त्याच क्रमानं, दुसऱ्यानं झेलायची,
जशी खालच्यानं भिरकावलेली पाटी
छपरावरचा झेलतो.
मी पेन्सिलीनं खुणा केल्या,
पाईपवर करतो तशा.

तिसऱ्या मंगळवारी भांडण.
इथेल म्हणाला, फाटक म्हणजे मरण.
छे, भाषा! ग्वेनलियन म्हणाली,
पोरं उघडीच टाकून जातात ती.
टुडुर म्हणाला, त्याची बायको असणार,
आणि एकटाच हसला.
बाई माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, फाटक म्हणजे फाटक.
वरची बिजागरी झिजली
की ते कडीच्या बाजूनं खाली बसतं,
बोटभर.
उचलून धरलं तर कडी लागते,
सोडलं की पुन्हा—

आणि बोलता बोलता पेन्सिल
पाचव्या ओळीवर थांबली.
तिथे एक र टाकलेला होता,
कुणीच न झेललेला.
पुन्हा मोजलं. मग बाईंनी मोजलं,
चष्मा काढून, चष्मा घालून.
छापणाऱ्याची चूक, इथेल म्हणाला.
असेल, मी म्हटलं,
पण ओळही बोटभर खाली बसलीय.

कुणी बोललं नाही.
बाहेर धुक्यात छपरं, काळ्या पाटीच्या दगडाची.
ह्याच दगडावर आमच्या आज्या अक्षरं गिरवायच्या,
थुंकीनं पुसायच्या.
"वाच पुन्हा," बाई म्हणाल्या.
"त्या र पाशी थांबू नकोस. अडखळ फक्त."
वाचलं. अडखळलो.
गळ्यात काहीतरी उचलून धरलेलं
हातातून सुटलं.

कवीला काय म्हणायचंय
ते अजून मला सांगता येत नाही.
ग्वेनलियन चुकली असं वाटत नाही.
टुडुरसुद्धा.
रस्त्यात फाटक दिसलं की व्हॅन हळू होते,
तेवढं झालंय.

पार्ट चौथ्या मंगळवारच्या आधीच आला.
सीटखाली आहे, खोक्यासकट.
परवा बाईंनी विचारलं, आला का रे?
म्हटलं, पोस्टाचं काही खरं नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
ओढायच्या आधी चाचपतात तसं,
आणि पुढच्या कवितेचा कागद
माझ्यापुढे सरकवला.
खोलीत प्रत्येकाच्या शब्दाची वाफ दिसत होती.